फिरती खोली

“आजी, जरा उठता का? पलंग घ्यायचाय,” ‘घरपण’ कंपनीचा माणूस अदबीने म्हणाला. हेमलताबाई बिराजदार स्वतःच्या पलंगावरून उठल्या आणि बाहेर सोफ्यावर पाहुण्यासारख्या जाऊन बसल्या. सून केतकीने हातात चहाचा कप दिला. तो निवायच्या आत बाईंची खोली नाहीशी झाली.

नाहीशी म्हणजे अक्षरशः नाहीशी. कंपनीच्या दोघांनी पाठीवरच्या पंपातून सांध्यासांध्यावर फवारा मारला, जरा वेळ थांबले, आणि पलंग सतरंजीसारखा मिटला. मागोमाग कपाट, टेबल, खुर्ची, देव्हारा, आणि शेवटी भिंती. हो, भिंतीसुद्धा. थोरल्या मुलाच्या, शिवराजच्या पुण्याच्या घरात दिवाणखान्याचा एक कोपरा पुठ्ठ्याच्या भिंतींनी अडवून आईची खोली केली होती. सगळ्याचे सपाट गठ्ठे झाले, पट्ट्यांनी बांधले गेले आणि लिफ्टमधून खाली गेले. बाईंची औषधं आणि नवऱ्याचा फोटो तेवढा केतकीने वेगळ्या पिशवीत घालून दिला. आता बाई नाशिकला, धाकट्या सिद्धेशकडे निघाल्या होत्या. तिथं संध्याकाळपर्यंत हीच खोली पुन्हा उभी राहणार होती.

लाकूड श्रीमंतांच्या घरात जाऊन बसलं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरं आखडली होती, नोकऱ्या दर दोन वर्षांनी गाव बदलायला लावत होत्या, आणि अवजड कपाटं जिन्यावरून खालीवर करायला माणसं मिळेनाशी झाली होती. तेव्हा पुठ्ठ्याचं फर्निचर आलं आणि बघता बघता घरोघरी ठाण मांडून बसलं. कागद एकटा असला तर फुंकरीने उडतो. पण त्याच्याच पट्ट्या उभ्या करून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं केली आणि वरखाली कागदाची कातडी चढवली, की वर म्हैस उभी केली तरी ते दबत नाही. वरून पाण्याला दाद न देणारं मेण. खिळा नाही, स्क्रू नाही. जुनं झालं की कारखान्यात परत जायचं, त्याचाच लगदा व्हायचा आणि त्याच लगद्याचा नवा पलंग. इथवर सगळं नामी होतं. हेमलताबाईंचं पुठ्ठ्याशी भांडण कधीच नव्हतं.

नवरा गेल्यावर सोलापूरचं घर विकलं गेलं आणि आईची वाटणी झाली: सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. ही रीत काही नवी नव्हे. पण तेव्हा बाईंबरोबर त्यांचा शिसवी पलंगही फिरायचा. तो हलवायचा म्हणजे टेम्पो आला, हमाल आले, जिन्यातल्या भिंतीचे पोपडे आले, शेजाऱ्यांची कुरकुर आली. शिवराज म्हणायचा, “राहू दे गं आई, अजून महिनाभर.” सिद्धेशही तेच म्हणायचा. नुसत्या त्या पलंगाच्या वजनाने सहा महिन्यांचे आठ व्हायचे. त्या आठ महिन्यांत बाईंना भाजीवाला ओळखायला लागायचा, खालच्या बाकावर एखादी मैत्रीण व्हायची.

मग ‘घरपण’ने खास आईवडिलांसाठी योजना काढली. तीच खोली, कुठंही न्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ती खोली उभी राहिली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःचं दार, स्वतःचा दिवा, आणि दोन्ही घरांत चष्मा ठेवायची जागा तीच. मुलांनी हौसेने केलं होतं, त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण हलवणं सोपं झालं आणि सहाचे चार महिने झाले, चाराचे दोन. केतकीचे माहेरचे आले, सिद्धेशकडे मुलाची परीक्षा आली, की फोनवर बटण दाबायचं; दुसऱ्या दिवशी गाडी दारात. म्हातारं माणूस असून अडचण, नसून खोळंबा असं म्हणतात. खोळंब्याची काळजी कंपनीने मिटवली होती. उरली फक्त अडचण.

“या खेपेला मी नाही जात,” असं बाई एकदा म्हणाल्याही होत्या.

“अगं, तू कुठं जातेयस?” शिवराज हसून म्हणाला होता. “तुझी खोली तर बरोबरच येतेय.”

त्याचं हसू ओसरायच्या आत पलंग मिटून झाला होता. ज्या खोलीत राहते म्हणायचं ती खोलीच गेली, मग बाई गाडीत बसल्या.

नाशिकला या खेपेला एका दुपारी मात्र गंमत झाली. हेमलताबाईंना जेवणानंतर एक विडा लागतो. पानाला चुना लावून झाल्यावर बोटाला उरलेला चुना पुसायचा कुठं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. बसल्या जागेवरून हात पोचेल तिथं, आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने. बाई तो पलंगाच्या कडेला आतून पुसत. शिसवी पलंगाखाली चुन्याचे थर जमले होते आणि त्यावरून नवऱ्याची बोलणी खाऊन झाली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पलंग पुठ्ठ्याचा झाला तरी बोट आपलं तिथंच जायचं. त्या दुपारी उशाकडचा सांधा हळूच उघडला, पलंग तिरका झाला आणि बाई तोंडातल्या विड्यासकट घसरत जमिनीवर आल्या.

लागलं काही नाही. दुसरं कुणी असतं तर कंपनीकडे तक्रार केली असती. पण हेमलताबाई रसायनशास्त्र शिकून सोलापूरच्या एका रंगशाळेत जन्मभर सुताच्या रंगांशी झुंजल्या होत्या, शेवटी तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ होत्या. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या आणि उघडलेल्या सांध्याकडे बघत राहिल्या. मग उठून स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणला, गरम पाण्यात कालवला आणि दुसऱ्या सांध्यावर लावला. थोड्या वेळाने तोही उघडला. चिंचेचा कोळ लावून दाबून धरला, तर सांधा पुन्हा असा बसला की ओढून निघेना.

त्यात जादू काही नव्हती. कंपनीच्या गोंदाच्या लांब लांब साखळ्या असतात आणि त्यांना जागोजागी आम्लाचे गट लटकलेले असतात. एरवी हे गट एकमेकांचे हात धरून बसतात, म्हणून सांधा पक्का. चुना, सोडा अशा अल्कलीचा ओलावा पोचला की प्रत्येक गटावर सारखाच ऋण विद्युतभार चढतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, धरलेले हात सुटतात आणि सांधा उघडतो. आम्ल लावलं की भार उतरतो आणि हात पुन्हा जुळतात. कंपनीचा तो गुप्त फवारा म्हणजे निळा रंग घातलेलं सोड्याचं पाणी होतं. बाईंना इतकं हसू आलं की ठसका लागला.

त्या संध्याकाळी त्यांनी पलंग खिडकीकडे तोंड करून लावला. कपाट सरकवलं, टेबल दाराशी घेतलं. सगळं एकटीने, कारण कुठलाच तुकडा पाण्याच्या कळशीपेक्षा जड नव्हता.

“आई, पलंग कुणी हलवला?” सिद्धेशने ऑफिसातून आल्या आल्या विचारलं.

“मी.”

“कसा?”

“हाताने,” बाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. मे महिन्यात शिवराजचं कुटुंब सहलीला गेलं आणि सिद्धेशकडे रंगकाम निघालं. प्रत्येकाला वाटत होतं की या आठवड्यात आई दुसऱ्याकडे असेल. कंपनीकडे त्यावरही तोड होती. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात अशा मधल्या दिवसांसाठी खोल्या उभ्या करून देत. त्याला म्हणत ‘थांबा’.

“फक्त आठ दिवस गं आई,” सिद्धेश म्हणाला. “जेवणखाण, डॉक्टर, सगळं आहे तिथं. आणि खोली तुझीच.”

थांब्यात बाईंच्या खोलीसारख्या खोल्यांच्या रांगाच रांगा होत्या. पंखे चांगले होते, डाळ चांगली होती, मुली गोड बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी जेवून, हात धुऊन बाई खोलीत आल्या, पलंगावर आडव्या झाल्या आणि समोर बघतात तर भिंतीवर फेटा बांधलेल्या कुणा अनोळखी गृहस्थाचा फोटो. त्या धडपडून उठल्या. खुर्चीवर एक वयस्कर माणूस पेपर वाचत बसला होता.

“बसा हो, बसा,” तो म्हणाला. “काल मीसुद्धा दोन चुकीच्या खोल्यांत जाऊन आलो. मी प्रभुणे. शाळेत गणित शिकवायचो. तो फोटो वडिलांचा.”

“किती दिवस आहात इथं?” बाईंनी ओशाळून विचारलं.

“आलो तेव्हा आठ दिवस म्हणाले होते.” प्रभुणे मास्तरांनी पेपराची घडी घातली. “गुढीपाडवा इथंच झाला. मुलांचं ठरतंय अजून.”

बाईंना भीती वाटली. म्हातारपणाची नाही, मरणाचीही नाही. आपण या रांगेत एक दिवस कायमच्या राहू आणि कुणी तसं ठरवलेलंही नसेल, याची. भीतीच्या मागोमाग राग आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो गिळला नाही. त्यांनी सोलापूरला शकुंतला येमूलला फोन लावला. शकुंतला रंगशाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर होती आणि तिच्या तोंडाला तेव्हाही फाटक नव्हतं.

“काय गं, रडलालीस काय?” शकुंतलाने पहिल्याच वाक्याला विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. चुना, सोडा, चिंच, मास्तर. “खोली मला सोडवता येते शकू, जोडताही येते. पण ते येऊन परत सोडवतातच की. माझ्या जोडण्याला काय अर्थ?”

“म्हणजे रंग कच्चा हाय म्हण की. धुतला की जातो.” पलीकडे शकुंतला बहुतेक काहीतरी निवडत होती. “कच्च्या रंगाला काय करत होतो आपण? का इतकी वर्षं रंगशाळेत भजी तळत होतीस?”

“तुरटी,” हेमलताबाई हळूच म्हणाल्या.

“मग? मला कशाला फोन केलीस?”

आठ दिवसांनी बाई पुण्याला परत आल्या. त्याच संध्याकाळी जेवताना शिवराजने सांगितलं की पंधरवड्याने त्यांना पुन्हा थांब्यावर जावं लागेल, या खेपेला महिनाभर. त्याची कामं होती, सिद्धेशची बदली होत होती. “डाळ चांगली असते म्हणालीस ना?” असंही तो म्हणाला. तो दुष्ट नव्हता, दमलेला होता. दमलेली माणसं समोर सोपी वाट दिसली की तिनेच जातात. दुसऱ्या दिवशी बाईंनी वाण्याकडून तुरटी मागवली.

“एवढी तुरटी कशाला, आई?” केतकीने पुडा हातात घेऊन विचारलं.

“पाणी निवळायला.”

“फिल्टर आहे आपल्याकडे.”

“मग दाढीला.”

केतकी हसली आणि कामावर गेली. बाईंनी टेबलाचा खण सोड्याने उघडला आणि त्यावर तुरटीचं पाणी ओतलं. पांढरा चिकट गाळ झाला आणि सांधा मुळीच धरेना. बाईंनी कपाळावर हात मारला. सोडा पुरता गेल्याशिवाय तुरटी घालायची नाही, हे त्या स्वतःच नव्या पोरींना ओरडून सांगत असत. मग सांधे स्वच्छ पुसून, आधी चिंचेचं पाणी, ते मुरल्यावर तुरटी, असं सुरू केलं. कच्चा रंग सुताला पक्का धरून ठेवते ती तुरटीच. तिच्यातल्या अॅल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर तीन धनभार असतात, म्हणजे तो एका वेळी गोंदाच्या दोन-तीन साखळ्या पकडून ठेवतो. नंतर सोडा कितीही मारा, साखळ्या एकमेकींना लोटू पाहतात पण मधला कण त्यांना सोडत नाही. वाळलेल्या खणावर बाईंनी सोड्याचं पाणी ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खण तसाच होता.

बाईंना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. या कागदाचा पुन्हा पलंग होणार नव्हता. पण कधीतरी खत होईल, आणि खताला कुणी नाव ठेवत नाही.

केतकी एका दुपारी लवकर घरी आली तेव्हा बाई स्टुलावर चढून ब्रशने भिंतीचे सांधे रंगवत होत्या. हॉलभर चिंचेचा वास होता. केतकीने खांद्यावरची पिशवी सोफ्यावर ठेवली. आता ही शिवराजला फोन करणार असं बाईंना वाटलं.

“परवा माझी आई परत थांब्यावर गेली,” केतकी म्हणाली. “दादाने मला नंतर कळवलं.”

“मग तू तिला इकडे का नाही आणलंस?”

“लेकीकडे राहायचं नाही म्हणते ती. आणि इथं खोली कुठं आहे?” केतकीने ओढणी कमरेला खोचली आणि हात पुढे केला. “उतरा खाली. वरच्या सांध्यांना तुमचा हात नीट पोचत नाहीये.”

दोघींनी मिळून भिंती केल्या, कपाट केलं, देव्हारा केला. पलंग बाईंनी एकटीने केला. तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नव्हता.

ठरल्या दिवशी गाडी आली. “आजी, जरा उठता का?” त्याच माणसाने त्याच अदबीने विचारलं.

“आधी भिंती घ्या,” हेमलताबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या.

दोघांनी भिंतींवर फवारा मारला. थांबले. ओढून पाहिलं. परत मारला. निळं पाणी ओघळून फरशीवर आलं. कपाटावर मारला, टेबलावर मारला. एकाने खांदा लावून धक्का दिला तर त्याचाच खांदा दुखावला. शेवटी त्याने शिवराजला हाक मारली. शिवराज मीटिंग सोडून कानातलं यंत्र काढत आला.

“सर, सांधे सुटत नाहीयेत. कापावं लागेल. पण आजींना उठायला सांगा.”

“आई, काय केलंस तू?”

“तुरटी लावली.”

“ऊठ बघू. गाडी खोळंबलीय. हे काय लहान मुलासारखं?”

“शिवा, इकडे ये. बस.” तो बसला नाही, तेव्हा बाई तशाच बोलल्या. “आजवर तुम्ही पलंग उचललात आणि मी त्याच्या मागून आले. आता पलंग उचलला जात नाही. मला न्यायचं असेल तर मला उचलावं लागेल. उचल. मी काही जड नाही.”

शिवराजचा हात पुढे झाला नाही. कंपनीचे दोघे फरशीकडे बघत होते. फवाऱ्याचा पंप मात्र उगाच गुरगुरत होता, तो केतकीने जाऊन बंद केला.

“म्हणजे तू तिथं जाणारच नाहीस?” शिवराजचा आवाज आता खाली आला होता.

“थांब्यावर नाही. मला भीती वाटते तिथं. तिथं एक मास्तर आहेत, आठ दिवसांसाठी आलेले. मी तशी नाही होणार.” बाईंनी पलंगावर हात टेकला. “मी तुमच्यावर रागावले नाही. तुम्हाला माझी अडचण होते, तेही मला कळतं. मग अडचण आहे असं माझ्या तोंडावर म्हणा, भांडा माझ्याशी. पण खोली मिटवून मला गप्प करू नका.”

शिवराजने करवतीचं नाव काढलं नाही. त्याने सिद्धेशला फोन लावला आणि तो आईसमोर धरला.

“आई, मग माझ्याकडे येणारच नाहीस?” सिद्धेश पडद्यावरून म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच लहान झाला होता.

“येईन की. पिशवी घेऊन एसटीने येईन, मला वाटेल तेव्हा. तुझ्या सोफ्यावर झोपेन. खोली इथंच राहील.”

कंपनीच्या माणसाने दरम्यान वरिष्ठांना विचारून घेतलं होतं. जे सुटत नाही ते परत घेता येत नाही, म्हणून या खोलीचं नाव योजनेतून कमी होईल. वस्तू ज्याच्या नावावर आहे त्याची. वयस्करांची सवलत मिळावी म्हणून मुलांनी खोली आईच्याच नावावर घेतली होती. “आजी, ही आता तुमचीच,” तो म्हणाला आणि जाताना, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, भिंतीच्या सांध्यावरून एकदा कौतुकाने बोट फिरवून गेला.

पुढचे काही दिवस घरात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त होता. मग तोही कमी झाला. एका सकाळी हेमलताबाई खोलीतून बाहेर आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून.

“कुठं निघालीस?” शिवराजने दचकून विचारलं.

“सोलापूरला. शकूकडे.”

“अगं, सांगायचंस तरी. किती दिवस? गाडी बघू का?”

“एसटीचं तिकीट काढलंय मी. किती दिवस ते ठरवलं नाही.”

शिवराज आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पलंगावर धुतलेली चादर ताणून घातली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

“मग तोवर इथं...” तो म्हणता म्हणता थांबला.

“तोवर इथं केतकीची आई राहील. दुपारी पोचेल ती. मीच बोलावलंय तिला.” बाई चपला घालायला वाकल्या आणि उठताना त्यांनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला. “लेकीकडे राहायचं नाही म्हणत होती. मी म्हटलं, लेकीकडे नकोच राहू. माझ्याकडे राहा.”